टाके

मला बोलायला लावू नका, हे मी आधीच सांगितलं होतं.
शाल दिलीत, नारळ दिलात,
वर म्हणालात, वाचनसंस्कृतीवर चार शब्द.
तर ऐका.

एकतीस वर्षं नायगावच्या वाचनालयात
मी पुस्तकं दिली आणि परत घेतली.
परत आलेलं पुस्तक खोटं बोलत नाही.
पहिली चाळीस पानं मऊ, पुढची करकरीत,
आणि काउंटरपलीकडून माणूस सांगतो,
"हलवून टाकलं हो अगदी!"
मी शिक्का मारते. हललेलं काही दिसत नाही.

पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करणारे
वर्षभर त्याला हात लावत नाहीत.
मला वरणाचा डाग आवडतो.
एकशे बाराव्या पानावर हळदीचं बोट असेल
तर तिथे कुणीतरी घास हातात धरून थांबलं होतं.

अर्धं सोडावं पुस्तक. खुशाल सोडावं.
शेवट आधी वाचावा,
मरण कुठल्या वळणावर आहे ते कळलं
की माणूस सावकाश चालतो.
वाचणारी माणसं चांगली असतात, हेही उगाच:
आठवड्याला दोन कादंबऱ्या संपवणाऱ्या बाईंनी
सुनेचं कार्ड माझ्याकडून रद्द करून घेतलं.
आणि जुन्या कागदाचा तो वास झुरळांचा असतो.
मी झाडलेत ते कप्पे.

एकनाथ भोईटे परळच्या इस्पितळात लिफ्टवर होते.
सातशे चार पानांची कादंबरी त्यांनी नेली
आणि तिचे अकरा तुकडे केले,
खाकी शर्टाच्या खिशात मावतील असे.
तळमजला ते सहावा, एक पान.
स्ट्रेचर आलं तर तेही नाही.

कमिटी बसली. अध्यक्ष म्हणाले, हा खून आहे.
दंड ठरला. मी मान डोलावली.
हे पण लिहून घ्या, मी मान डोलावली.

पंधरा दिवसांनी भोईटे पुस्तक घेऊन आले, शिवलेलं.
ऑपरेशनच्या खोलीतल्या सिस्टरकडून मागून आणलेला
काळा दोरा, आणि टाके
पोट शिवावं तसे, जवळजवळ, एकसारखे.
दंड भरला सुट्ट्या नाण्यांत.
पावतीसाठी थांबले नाहीत.
पुन्हा आले नाहीत.

ते पुस्तक नऊ वर्षांत तेवीस जणांनी नेलं.
अध्यक्षांनीही. "काय ओघ आहे!" म्हणाले.
मीही वाचलं. मीच तर सुचवत होते सगळ्यांना,
ओघासाठी.

मग आठवीतली जुई खरटमल आली,
दोन वेण्या, नाकावर शाईचा ठिपका.
"बाई, यातली आत्या
पाचशे साठाव्या पानावर जाते,
आणि मग चारशे एकोणपन्नासावर उठून
चहा टाकते."

आठवा तुकडा नवव्याच्या मागे शिवला होता.
पानांचे आकडे उघड्यावर बसले होते, नऊ वर्षं.
तेवीस सभासद. अध्यक्ष. मी.

मी कात्री काढली. म्हटलं, उसवू या,
नीट लावू या.
जुईने पुस्तक छातीशी धरलं.
"नको. मला तिथे बरं वाटलं.
आमच्या आत्याला पण कोणीतरी
असं चुकीचं शिवायला पाहिजे होतं."

कात्री मी खणात टाकली
आणि उगाच रजिस्टर उघडून बसले.

तुमच्यापैकी कुणाला भोईटे भेटले
तर एवढं विचारा,
हात चुकला होता की मुद्दाम.
मला विचारायचं सुचलं तोवर
त्यांच्या कार्डावरच्या पत्त्यावर
बावीस मजले उभे होते,
आणि त्या लिफ्टमध्ये माणूसच नव्हता.

पुस्तक? ते माझ्या पिशवीत आहे.
निवृत्त झाले त्या दिवशी नेलं,
नोंद न करता.
दंड किती झाला असेल, तुम्हीच मोजा.
चिल्लर आणलीये मी.